थायरॉइड मंदावली की कोलेस्टेरॉल का तुंबतं?

आत्ती आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. एप्रिल महिना, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून राजारामपुरीपर्यंत भर उन्हात रिक्षानं आलेली, आणि साडीवर स्वेटर! मी पंखा लावला तर म्हणाली, "बंद कर गं, गार लागतंय." मग पिशवीतनं रिपोर्टची घडी काढून माझ्यापुढं ठेवली. "हे बघ. सा महिने झालं, तूप सोडलंय, अंडं सोडलंय, रविवारचा पांढरा रस्सा बी सोडलाय. आता मी खातो तरी काय, तूच सांग. आन् आकडा बघ."

एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा होता २९६. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर २८८ होता. एवढं तोंड बांधून घेतल्यावर आठनं वाढला होता.

मी एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम बघते. असे कागद दिवसभर हातातून जातात. त्या दिवशी मात्र मी कागदापेक्षा आत्तीकडेच जास्त वेळ बघत राहिले. चेहरा सकाळी उठल्यासारखा सुजलेला. आवाज घोगरा, शब्द सावकाश येणारे. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली. हात हातात घेतला तर कातडी उन्हाळ्यातल्या ढेकळासारखी कोरडी. पोट साफ होतं का म्हणून विचारलं तर म्हणाली, चार-चार दिवस नाही. दुपारची झोप? "बसल्या जागी लागती. वय झालं गं आता, असंच असतंय." तिचं वय अठ्ठावन्न.

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २०४. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, १९०. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ६२. आमच्या लॅबमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ असलं की ठीक धरतात. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नेहमीच्या मर्यादेच्या निम्म्यावर आलं होतं. आत्तीची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ झोपली होती. तिचं कोलेस्टेरॉल चढण्याचं मोठं कारण ताटात नव्हतंच, ते गळ्यात होतं.

सहा महिने ती स्वतःला अपराधी समजत राहिली. घरातले लोक तिच्या ताटाकडं बघून बोलत राहिले. एक साधी रक्ततपासणी आधीच झाली असती तर हे टळलं असतं, ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

आधी कोलेस्टेरॉल येतं कुठून

आपल्याकडं कोलेस्टेरॉल म्हटलं की डोळ्यांपुढं तुपाची वाटी नाहीतर मटणाचा कट येतो. पण रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, शरीर स्वतः तयार करतं, आणि त्यात मोठा वाटा लिव्हरचा. मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज म्हणतो ते खरं म्हणजे लिव्हर, मराठीत यकृत. कोलेस्टेरॉल काही विष नाही. प्रत्येक पेशीचं आवरण त्याच्याविना बनत नाही. पित्त त्याच्यापासून बनतं, स्त्री आणि पुरुष दोघांचीही हार्मोन त्याच्यापासून बनतात.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त हे बहुतांशी पाणीच. म्हणून लिव्हर कोलेस्टेरॉल आणि चरबी प्रथिनांच्या पुडीत बांधून रक्तात सोडतं. वाटेत त्या पुडीतली चरबी स्नायू आणि मेदपेशी काढून घेतात, आणि शेवटी कोलेस्टेरॉलनं भरलेली जी लहान पुडी उरते ती एलडीएल. ती काम झाल्यावर परत उचलली जायला हवी. उचलतं कोण? पुन्हा लिव्हरच. माणूस धडधाकट असेल तर एलडीएलची पुडी रक्तात साधारण दोन-तीन दिवस फिरते आणि मग लिव्हर ती आत ओढून घेतं.

तेव्हा रिपोर्टवरचा एलडीएलचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. किती पुड्या रक्तात सोडल्या जातायत, आणि किती वेगानं उचलल्या जातायत. आपण सगळे पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतो. थायरॉइड मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर घाव घालते.

राजाराम बंधाऱ्यावरची पातळी

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण पावसाळ्यात आपण सगळे एकच आकडा बघत असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल.

आणि २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. पाऊस उघडतो, ऊन पडतं, पण पाणी उतरत नाही. भोगावती, तुळशी, कासारी, कुंभी यांचं पाणी येऊन तर गेलेलं असतं, पण खाली नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब भरलेली असते. पंचगंगेच्या पाण्याला पुढं जायला वाट नसते, ते मागं फुगतं. फुगवटा हा शब्द आपल्याकडं शेतकऱ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे वापरतात. अशा वेळी वर आभाळाकडं बघत बसून उपयोग नसतो. पाणी खाली का सरकत नाही ते बघावं लागतं.

थायरॉइड मंदावल्यावर रक्तात होतो तो असाच फुगवटा.

लिव्हरच्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलची पुडी पकडणारे हात असतात. त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. हात पुडी पकडतो, पेशीच्या आत नेतो, पुडी आत सोडतो आणि रिकामा होऊन पुन्हा बाहेर येतो. एका फेरीला दहाएक मिनिटं लागतात. एकच हात अशा शंभरेक फेऱ्या मारू शकतो. हे हात आहेत हे जगाला कळलं ते मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांमुळं. काही घराण्यांत लहान मुलांचंसुद्धा कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं असतं, ते का, हे शोधताना त्यांना १९७० च्या दशकात दिसलं की त्या मुलांच्या पेशींवर हे हातच नाहीत किंवा बिघडलेले आहेत. १९८५ साली त्या दोघांना नोबेल मिळालं.

आता हे हात किती असावेत हे ठरवणाऱ्यांत एक मोठा अधिकारी म्हणजे थायरॉइडचं हार्मोन. ते रक्तातून लिव्हरच्या पेशीत शिरतं, थेट पेशीच्या केंद्रात जाऊन जनुकांना चिकटलेल्या एका प्रथिनाशी जोडलं जातं आणि तिथून हुकूम सुटतो की एलडीएल पकडणारे हात बनवा. हार्मोन भरपूर असेल तर हात भरपूर. हार्मोन घटलं की हुकूम क्षीण, हात कमी. दोन-तीन दिवसांत उचलली जाणारी पुडी मग रक्तात जास्त दिवस फिरत राहते. मागून नव्या पुड्या येतच असतात. पातळी चढते.

दुसरी वाटही त्याच वेळी अरुंद होते. शरीराला कोलेस्टेरॉल बाहेर टाकायचा मुख्य मार्ग एकच, पित्त. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात सोडतं, आणि त्यातला काही भाग शौचावाटे निघून जातो. या कामाचा वेगसुद्धा थायरॉइड हार्मोनच्या हाताखाली असतो. हार्मोन कमी झालं की पित्ताम्लं बनणं मंदावतं. म्हणजे पुडी रक्तातून आत ओढायची वाटही अडली आणि आत आलेलं बाहेर काढायचीही.

पाऊस कमी, तरी पूर

इथं एक गंमत आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण तिथंच आत्तीच्या सहा महिन्यांच्या उपासाचं उत्तर आहे.

थायरॉइड मंदावली की शरीराचा सगळाच कारभार सावकाश होतो. हृदयाचे ठोके सावकाश, आतडी सावकाश, ऊब कमी. त्याच हिशोबानं लिव्हरमध्ये नवं कोलेस्टेरॉल बनणंही कमी होतं. पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं. कोलेस्टेरॉल बनतंय कमी आणि रक्तात आहे जास्त! पण निचरा त्याहून कितीतरी जास्त मंदावलेला असतो, म्हणून गोळाबेरीज चढती राहते. पाऊस रोजच्यापेक्षा कमी आणि बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या वर, अशी ही स्थिती.

आता विचार करा, अशा माणसाला आपण काय सांगतो? पाऊस आणखी कमी कर. तूप सोड, अंडं सोड, तेल अर्धं कर. तो बिचारा सगळं करतो, आणि आकडा जागचा हलत नाही, कारण अडलंय ते खाली. मग आपणच म्हणतो, चोरून खात असणार.

पथ्याला माझा विरोध नाही. साजूक-तुपातली, वनस्पती तुपातली, मटणातली गोठणारी, म्हणजे सॅच्युरेटेड चरबी लिव्हरवरचे तेच हात कमी करते, हे पक्कं आहे. निरोगी माणसाच्या आकड्यावर खाण्याचा परिणाम होतो, आणि थायरॉइडवाल्याच्याही होतो. पण मोठी वाट बुजलेली असताना फक्त खाण्यावर सगळा भार टाकणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

ट्रायग्लिसराइडचंही थोडं असंच. रक्तातल्या चरबीच्या पुड्या फोडणारं एक एन्झाइम थायरॉइडच्या अभावी सुस्त पडतं, म्हणून ट्रायग्लिसराइड बऱ्याचदा वाढतं, पण एलडीएलइतकं हटकून नाही. चांगलं म्हणून ओळखलं जाणारं एचडीएल मात्र नेहमीइतकंच राहतं, कधी थोडं वाढलेलंही दिसतं. त्या वाढीनं खूश होऊ नका. तीसुद्धा निचरा थांबल्याचीच खूण असते, कारण एचडीएलमधून कोलेस्टेरॉल पुढं सरकवणारी यंत्रणाही थंडावलेली असते.

गळ्यातली ती ग्रंथी

थायरॉइड गळ्यात पुढच्या बाजूला, पुरुषांच्या कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. फुलपाखरासारखी, वीसएक ग्रॅमची. ती मुख्यतः टी४ नावाचं हार्मोन बनवते. चार म्हणजे आयोडीनचे चार अणू. लिव्हर, मूत्रपिंड आणि इतर अवयव त्यातला एक अणू काढून टी३ बनवतात, आणि खरं काम टी३ करतं. लिव्हरच्या पेशीत जाऊन हुकूम सोडणारा अधिकारी म्हणाले ना, तो हाच.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे, इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला सांगतं, काम कर. थायरॉइड ऐकेनाशी झाली की पिट्युटरी आवाज चढवते. म्हणून थायरॉइड मंद, तर टीएसएच जास्त. आणि थायरॉइड थोडीशी जरी मागं पडली तरी पिट्युटरी कितीतरी पटीनं ओरडते, त्यामुळं ही तपासणी इतकी तरल आहे. आत्तीचं ६२ म्हणजे पिट्युटरी अक्षरशः बोंबलत होती.

ग्रंथी मंदावते कशानं? आपल्याकडं मीठ आयोडीनचं झाल्यापासून सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे शरीराचीच संरक्षक फौज स्वतःच्या थायरॉइडवर उलटणं. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकानं १९१२ साली अशा ग्रंथींचं वर्णन केलं, त्याचंच नाव या आजाराला आहे. बायकांमध्ये हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि घराण्यात चालत येतो. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेली असेल, किंवा जास्त काम करणाऱ्या थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलेलं असेल, तरी पुढं हीच अवस्था येते. हाशिमोतोच्या आजारात आयोडीनचं मीठ वाढवून काही साधत नाही, जादा आयोडीननं उलट बिघडू शकतं.

२०१३ साली देशातल्या आठ शहरांत केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावलेली आढळली. कोल्हापूर त्या आठांत नव्हतं, पण माझ्या टेबलावरून जाणारे कागद बघता मला त्या आकड्याचं आश्चर्य वाटत नाही.

बायकांचं निदान लांबण्याचं एक कारण मला रोज दिसतं. पाळी जाण्याच्या वयात एलडीएल तसंही वाढतं. वजन, थकवा, केस गळणं, कंटाळा, हे सगळं त्याच वयाच्या नावावर जमा होतं. "चाळिशी झाली की असंच", "पन्नाशी झाली की असंच", आणि मग साठीही येते.

एक जुनी गोष्ट सांगते. टीएसएच मोजायची सोय होण्याआधी, म्हणजे १९६०-७० च्या दशकांपूर्वी, डॉक्टर थायरॉइड मंद आहे का हे ताडण्यासाठी कोलेस्टेरॉलचाच आकडा बघत. चढलेलं कोलेस्टेरॉल हा तेव्हा थायरॉइडचा पुरावा धरला जाई. आता दोन्ही तपासण्या स्वतंत्र झाल्या, आणि दोघांमधलं नातंच विसरलं गेलं.

गोळी सुरू करण्याआधी

आत्तीच्या बाबतीत एक गोष्ट मी नंतर विचारून काढली. पहिल्या रिपोर्टनंतर एका दवाखान्यात तिला कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, दिली होती. टीएसएच बघितलं नव्हतं. तीन आठवड्यांत तिच्या मांड्या आणि पिंढऱ्या इतक्या दुखायला लागल्या की घरातला जिना चढताना ती कठड्याला धरून एकेक पायरी चढायची. तिनं गोळी आपल्या मनानं बंद केली, कुणाला सांगितलं नाही, आणि सगळा भरवसा पथ्यावर टाकला.

स्टॅटिन वाईट औषध नाही. हृदयविकार झालेल्या, मधुमेह असलेल्या लाखो लोकांचं आयुष्य त्यानं वाढवलंय, आणि कुणीही हे वाचून आपली गोळी बंद करू नये. पण उपचार न झालेली मंद थायरॉइड असेल तर स्टॅटिननं स्नायू दुखावण्याचा धोका वाढतो. मंद थायरॉइड एकटीसुद्धा स्नायूंना त्रास देते, वर स्टॅटिन आलं की दोघं मिळून. कधी रक्तात सीपीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम फार वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. शिवाय स्टॅटिनचा उपयोग होतो तो शेवटी लिव्हरवरचे तेच हात वाढवूनच. थायरॉइड एका बाजूनं ते कमी करतेय आणि गोळी दुसऱ्या बाजूनं वाढवू बघतेय, अशी ओढाताण चालते.

म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेलं नव्यानं सापडलं की गोळी लिहिण्याआधी टीएसएच बघावं, असं उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी बघितलं नसेल तर विचारा. विचारण्यात त्यांचा अपमान नाही. टीएसएचसाठी उपाशीपोटी असायचीही गरज नाही. फक्त केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्यानं थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यावं.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझं कोलेस्टेरॉल थायरॉइडमुळंच. तसं नाही. बहुतेकांचं वाढलेलं कोलेस्टेरॉल अनुवंशानं, खाण्यानं, बैठ्या कामानं, वयानंच असतं. मधुमेह, मूत्रपिंडाचे काही आजार, पित्तमार्ग अडणं, काही औषधं, यांनीही ते वाढतं. आणि टीएसएच ५ किंवा ६, टी४ नेहमीसारखं, असं असेल तर त्या किंचित मंदपणाचा कोलेस्टेरॉलवर परिणाम बहुधा अगदी थोडा असतो. अशा वेळी लगेच गोळीची घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर कितीतरी जणांचं आपोआप जागेवर आलेलं असतं. सत्तरी-ऐंशीच्या माणसांचं टीएसएच तसंही जरा वर असतं. १० च्या वर गेलं की मात्र डॉक्टर बहुधा उपचार सुरू करतात. गरोदरपण किंवा त्याची तयारी असेल तर हिशोब वेगळा आणि काटेकोर, तिथं वाट बघू नये.

गोळी कशी घ्यायची, यावर बरंच अवलंबून

आत्तीला फिजिशियनकडं घेऊन गेले. त्यांनी आधी ईसीजी काढला, मग थायरॉक्सिनची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली. पुढं हळूहळू वाढवली. आत्तीला वाटलं, एवढा मोठा आकडा आणि एवढीशी गोळी? पण महिनोन्‌महिने सावकाश चालणाऱ्या हृदयाला एकदम पळवायचं नसतं, त्यातून वय झालेलं, कुठं रक्तवाहिनी अरुंद असेल तर छातीत दुखायला लागू शकतं. तरुण धडधाकट माणसाला पूर्ण मात्रा सुरुवातीलाच देतात, ती साधारण दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम.

ही गोळी म्हणजे बाहेरचं काही औषध नाही, आपल्याच ग्रंथीत बनणारं टी४ आहे, तंतोतंत. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिला रुग्ण इंग्लंडमध्ये १८९१ साली बरा केला गेला. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली.

पण ही गोळी फार मानी. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही. चहासुद्धा नाही. आत्तीला इथंच अडचण. उठल्याउठल्या तिला चहा लागतो, आणि सकाळी गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं धारोष्ण दूध घरात सगळ्यांनी प्यायचं ही सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. शिवाय गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी, अशक्तपणासाठी लोहाची गोळी, सगळं एका मुठीत सकाळी. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. त्या दोन गोळ्यांत आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर हवं. अॅसिडिटीच्या काही गोळ्यांनीही तिचं शोषण घटतं. मी तिच्या उशाशी तांब्याभांड्याशेजारी गोळीची डबी ठेवून दिली, पहाटे काकडआरतीच्या वेळेला जाग येते तेव्हा घ्यायची आणि पुन्हा पडायचं. कॅल्शियम गेलं रात्रीच्या जेवणानंतर.

टी४ शरीरात आठवडाभरात निम्मं होतं, म्हणजे फार सावकाश उतरतं आणि सावकाशच साठतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच बघायचं. पंधरा दिवसांत बघून घाबरण्यात अर्थ नाही. कोलेस्टेरॉल उतरायला सुरुवात त्याच सुमारास होते, पण ते कुठं स्थिरावतं हे कळायला टीएसएच जागेवर आल्यानंतर आणखी थोडे दिवस द्यावे लागतात.

कोलेस्टेरॉल उतरतंय म्हटल्यावर थायरॉइड ठीक असलेल्या माणसानं ही गोळी घ्यावी का, असं मला एका शेजाऱ्यांनी विचारलं होतं. अजिबात नाही. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन चुकलेला आहे. अमेरिकेत हृदयविकार झालेल्या पुरुषांवरच्या एका मोठ्या अभ्यासात थायरॉक्सिनचाच एक प्रकार देऊन बघितला होता. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू वाढले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो भाग मध्येच थांबवावा लागला. हार्मोन जास्त झालं की लिव्हरबरोबर हृदयही दामटलं जातं, ठोके अनियमित होतात, हाडं झिजतात. २०२४ साली अमेरिकेत मंजूर झालेलं रेस्मेटिरोम हे औषध मुख्यतः लिव्हरमधल्याच थायरॉइडच्या कळीला हात घालतं. ते दिलं जातं सूज आणि व्रण आलेल्या चरबीच्या लिव्हरसाठी, पण त्यानं एलडीएलही उतरतं. म्हणजे लिव्हर आणि थायरॉइडचं हे नातं खरंच, ते वापरायचं कसं हे शिकायला मात्र पन्नास वर्षं गेली.

ऑगस्टच्या शेवटी आत्तीचं रक्त पुन्हा घेतलं. मात्रा तोवर ७५ वर स्थिरावली होती. टीएसएच ३.१. एकूण कोलेस्टेरॉल २०४, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल १२८. खाणं तर उलट सुटलं होतं, कारण तिची भूक आणि चव दोन्ही परत आली होती. पाय दुखणं गेलं.

तो १२८ चा आकडा तिच्यासाठी पुरेसा आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि तो थायरॉइडचा नाही. तिला मधुमेह नाही, तंबाखू नाही, पण रक्तदाब आहे. फिजिशियननी तिच्यासमोर बसून हे सगळं तोललं आणि तूर्त स्टॅटिन न देता सहा महिने चालणं आणि खाणं सांभाळून पुन्हा बघायचं ठरवलं. लागलंच तर आता थायरॉइड जागेवर असल्यानं गोळी सोसण्याची शक्यताही जास्त. "पांढरा रस्सा?" तिनं विचारलंच. रविवारी एक वाटी, वरचा कट बाजूला काढून, असं ठरलं.

निघताना तिनं लेकीला पुढं केलं. ही चौतीस वर्षांची, शाळेत शिकवते, आणि घसा बसला की बसतोच म्हणते. आईला आहे तर हिचंही बघ, असं आत्ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. टीएसएच आलं ६.८, टी४ ठीक, थायरॉइडविरोधी अँटीबॉडी वाढलेल्या, कोलेस्टेरॉल अगदी व्यवस्थित. गोळी सुरू केलेली नाही. दिवाळीनंतर पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय. मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला, तोवर आत्ती खुर्चीवरून उठून पंख्याचं बटण शोधत होती. "कुठं आहे गं ह्यो? केवढं उकडतंय तुझ्या घरात."